हिवाळ्यात गळासाठी दोरीची निवड

मार्गशीर्ष लागला की वऱ्हाडात रात्री गारठा वाढू लागतो. मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा, महान येथील काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांवर आणि गावोगावच्या तलावांवर गळ टाकणारे भोई बंधू या दिवसांत एकच तक्रार करतात : “थंडीत मासा गळाला लागत नाही.” ही तक्रार सर्वस्वी खरी नाही. पुष्कळदा मासा आमिषाला तोंड लावतो, पण त्याची चाहूल हातापर्यंत पोचत नाही; किंवा लागलेला मासा दोरी तोडून निघून जातो. दोन्ही प्रसंगी दोष बहुधा दोरीचा असतो.

थंडीत काय बदलते ?

माशाच्या शरीराची उष्णता भोवतालच्या पाण्याप्रमाणे कमीजास्त होते. पाणी थंड झाले की रोहू, कटला व मृगळ यांची भूक मंदावते. ते आमिष झडप घालून गिळीत नाहीत; ओठांनी चाचपतात व सोडून देतात. सायप्रिनस मासा थंडी अधिक सोसतो, तरी त्याचाही ओढा हलकाच असतो. शिवाय पावसाळ्यातील गढूळपणा खाली बसून पाणी निवळलेले असते, त्यामुळे जाड दोरी माशास सहज दिसते.

थंड मुलखात पाण्यावर बर्फ धरते व दोरीही गोठते. तेथील शिफारशी आपणांस जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आपली अडचण निराळी आहे. आपल्याकडे पहाटे कडाक्याची थंडी व दुपारी ऊन असते. दुपारी मऊ वाटणारी नायलॉनची दोरी पहाटे ताठ होते.

दोरीचे प्रकार

पूर्वी सुती दोरी वापरीत. सूत भिजल्यावर अधिक बळकट होते, परंतु लवकर कुजते. म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवण्याची रीत होती. १९५७ साली कोचीन येथे मात्स्यिकी तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. पुढील काळात नायलॉनचा प्रसार होऊन सुताचा वापर मागे पडला. आज बाजारात मुख्यतः पुढील प्रकार मिळतात.

१. तंगूस, म्हणजे एकाच तंतूची नायलॉनची दोरी. ही स्वस्त असते, पाण्यात कमी दिसते व ताणली असता थोडी लांबते, त्यामुळे माशाचा हिसका सोसते. दोष असा की ती पाणी शोषते व भिजल्यावर तिची ताकद काहीशी घटते. थंडीत ती रिळावरची वेटोळी सोडीत नाही.

२. अनेक तंतूंची विणलेली दोरी. ही थंडीतही मऊ राहते व ताणली जात नसल्याने हलका ओढाही हाताला जाणवतो. परंतु ती स्वच्छ पाण्यात दिसते व खडकावर घासून झिजते. म्हणून तिच्या टोकास दोन-तीन हात तंगूस जोडावा.

३. फ्लुओरोकार्बनची दोरी. ही पाण्यात फारच कमी दिसते व पाणी शोषीत नाही, पण महाग व अधिक ताठ असते. वापरावयाची झाल्यास केवळ टोकाच्या तुकड्यासाठी वापरावी.

सामान्य मासेमारासाठी चांगला, मऊ तंगूस हाच सोयीचा होय.

जाडी किती असावी ?

“जाड दोरी घेतली की चिंता नको,” असा समज आहे. येथेच चूक होते. ०.२० मिलिमीटरऐवजी ०.३० मिलिमीटरचा तंगूस घेतला, म्हणजे जाडी दीडपट केली, तर ताकद सुमारे सव्वादोनपट होते. परंतु ताठरपणा सुमारे पाचपट होतो. थंडीचा ताठरपणा त्यात मिळाला की दोरी तारेसारखी वागते. वेटोळी सरळ होण्यातच माशाचा हलका ओढा खर्ची पडतो आणि तरंडा हलत नाही.

म्हणून मोकळ्या पाण्यात एक-दीड किलोच्या माशांसाठी ०.२५ मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस घ्यावा. बुडालेल्या झाडांची खोडे आहेत तेथे, अथवा तीन-चार किलोच्या कटल्यासाठी, ०.४० मिलिमीटर योग्य. अशा जागी दोरी बारीक करू नये, कारण तुटलेल्या दोरीसह गळ तोंडात घेऊन गेलेला मासा पुष्कळदा मरतो व कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

घरी करावयाच्या दोन परीक्षा

पहिली परीक्षा मऊपणाची. नवी दोरी रात्रभर बाहेर ठेवावी. पहाटे तिचा दोन हात लांब तुकडा सोडून टोकास लहानशी शिशाची गोळी बांधावी व लोंबकळू द्यावा. वेटोळी लगेच उलगडली तर दोरी चांगली. न उलगडल्यास ती कोमट पाण्यात घटकाभर भिजवून हलकेच ताणावी. उकळते पाणी कधीही वापरू नये. दुकानात दुपारी सर्वच दोऱ्या मऊ लागतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी परीक्षा ताकदीची. दोरीचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवावा. एक टोक बळकट खुंटीस व दुसरे बादलीच्या कडीस, गळ बांधताना मारतो त्याच गाठीने बांधावे. बादली जमिनीपासून वीतभरच उंच असावी. मग मापाने एकेक लिटर पाणी ओतावे. एक लिटर म्हणजे एक किलो. दोरी तुटेल तेव्हाचे पाणी व बादलीचे वजन मिळून होते ती तिची खरी ताकद. असे तीनदा करून सर्वांत लहान आकडा धरावा. हाताने ओढावयाच्या दोरीची ताकद अपेक्षित माशाच्या वजनाच्या निदान दुप्पट असावी. दोरी गाठीपाशीच वारंवार तुटत असेल तर गाठ सुधारावी; आवळण्यापूर्वी ती ओली केल्यास घर्षणाने तंतू दुखावत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बादलीची परीक्षा मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांसमोर करून दाखवावी. तिला खर्च काहीच नाही.

निगा व दक्षता

उन्हाने नायलॉन कमकुवत होते. वऱ्हाडातील उन्हाळा उघड्यावर काढलेली दोरी परीक्षा घेतल्याविना वापरू नये. दोरी अंधाऱ्या, कोरड्या जागी व कीटकनाशकांपासून दूर ठेवावी. गळ शक्यतो दुपारी, ऊन लागून पाणी थोडे तापल्यावर, उथळ कडेला टाकावा. दोरी हाताभोवती गुंडाळू नये. मोठ्या माशाच्या हिसक्याने बोट कापले जाते. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात गळ तळाशी ओढू नये, अस्तर फाटून पाणी झिरपते. ठेक्याच्या जलाशयात संस्थेची व अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी असल्याखेरीज गळ टाकू नये.

नायलॉन कुजत नाही. याच दिवसांत चक्रवाक व इतर पाहुणे पक्षी आपल्या जलाशयांवर उतरतात; फेकलेल्या तुकड्यांत त्यांचे पाय अडकतात. म्हणून प्रत्येक तुकडा गोळा करून घरी न्यावा.

सारांश, हिवाळ्यात दोरी जागा पाहून, शक्य तितकी बारीक व मऊ निवडावी आणि तिची परीक्षा पहाटेच्या थंडीत व भिजलेल्या स्थितीत करावी. एवढी काळजी घेतल्यास थंडीच्या दिवसांतही मासेमाराच्या श्रमाचे चीज होईल.