गाडी फियाट, नाव पद्मिनीचं

प्रश्न : वडिलांची १९७२ची मोटार कित्येक वर्षं शेडमध्ये उभी आहे. डिकीवर 'प्रीमियर पद्मिनी', आरसी बुकात मात्र 'फियाट ११००'. गाडीत काही घोटाळा आहे का? दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अक्षरांवर जाऊ नका. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाटच्या परवान्याने या गाड्या बनत. 'पद्मिनी' हे याच मॉडेलचं १९७२ नंतरचं नाव. डागडुजीत कुणीतरी ती पट्टी लावली असणार. खात्रीसाठी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा.

लगेच स्टार्टर मारू नका. जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हाताने फिरतं का पाहा. ब्रेकचे रबरी पाइप आणि पेट्रोलपंपाचा पडदा बदलाच.

सुटे भाग पद्मिनीमुळे अजून मिळतात. कुर्ल्याच्या बाजारात जुना नमुना सोबत न्या.

पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली गाडी २०२१च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

इंजिन किंवा बॉडी बदलण्याआधी आरटीओत चौकशी करा. भंगाराचा विचार तूर्त सोडा.