दुष्काळ व महापूर यांचें एक मूळ

पृथ्वी तापत आहे असें आपण नेहमीं ऐकतों. मग एका वर्षीं विहीर आटते व दुसऱ्या वर्षीं तेंच शेत पुरानें खरवडून जातें, हें कसें? या पाठांत आम्ही त्याचें उत्तर सोप्या रीतीनें देऊं इच्छितों.

कारण. सूर्यामुळें जमीन तापते व ती उष्णता पुन्हा आकाशाकडे जाऊं लागते. हवेंतील कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु तिचा कांहीं भाग अडवून धरतो. जसें थंडीच्या रात्रीं घोंगडें अंगची ऊब धरून ठेवितें. असलें घोंगडें मुळींच नसतें तर पृथ्वी गोठून गेली असती. परंतु तें आतां फार जाड होत आहे. इ. स. १७५० च्या सुमारास हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु जाळल्यानें आणि रानें तोडल्यानें ही भर पडली. या वायूच्या वाढीनें पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनिअस यांनीं १८९६ सालींच मांडला होता. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वी सुमारें १.१ अंश सेल्सिअस अधिक उष्ण होती.

परिणाम. एक अंश थोडा वाटेल. पण दर अंशामागें हवा सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धारण करूं शकते. पाऊस नसतां अशी हवा माती व तळीं अधिक शोषून घेते. आणि समुद्रावरून भरून आली म्हणजे तोच सांठा थोड्या तासांत ओतते. एकाच कारणाचीं हीं दोन फळें होत. मध्य भारतांत १९५० पासून २०१५ पर्यंत विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले. जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. त्याच पावसांत, ता. २२ रोजीं, महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें दगावलीं.

तथापि सर्व दोष आकाशावर घालूं नये. दुष्काळ पूर्वींही पडत. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पाऊस कमी पडला होता हें खरें. परंतु त्याच प्रदेशांत ऊस पुष्कळ पाणी पीत होता, हेंही खरें. फटका हवामान देतें. घाव किती खोल जावा, हें बऱ्याच अंशीं आपल्या वागणुकीवर ठरतें.

ज्या कोरडवाहू शेतकऱ्यानें कोळसा फारसा जाळला नाहीं, त्यासच हा दंड प्रथम भरावा लागतो. हा उघड अन्याय आहे, व तो दूर करणें हें अधिक जाळणाऱ्या राष्ट्रांचें कर्तव्य आहे. परंतु तोंपर्यंत हात जोडून बसणें शहाणपणाचें नव्हे. बांधबंदिस्ती करावी, उतारावरचीं झाडें राखावीं, थोड्या पाण्याचें पीक घ्यावें.

वाचनवर्गासाठीं प्रश्न : (१) आपल्या गांवचें पाणी कोठून येतें व कोठें जातें? (२) अतिवृष्टीच्या रात्रीं कोणतें घर प्रथम रिकामें करावें, आणि त्या घरच्यांस हांक मारण्यास कोण जाईल?