खूण घराबाहेर कोणाला कळते?

या अंकातील अभ्यास गावोगावी फिरणाऱ्या सेवक-सेविकांसाठी, बचत गटातील बहिणींसाठी आणि ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे अशा आईवडिलांसाठी आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मोहाचा हंगाम होता. पहाटे अंधारातच बाया टोपल्या घेऊन जंगलात जात आणि ऊन चढल्यावर परतत. एका टोल्यावर जन्मापासून ऐकू न येणारी बारा वर्षांची मुलगी तेवढा वेळ घरी एकटी असे. मी भेटीला गेले तेव्हा ती ओटीपोट दाबून दाखवी, मग नाकाखालून बोट फिरवी, मग विहिरीकडे हात करी. “ताई, दोन दिवस झाले, असंच करून राहिली,” आई म्हणाली. मला वाटले, पोट दुखते, सर्दी आहे, विहिरीचे पाणी बाधले असेल. जलसंजीवनीची पाकिटे दिली आणि पुढच्या गावी निघाले. नाकाखालचे बोट म्हणजे मिशी आणि मिशी म्हणजे पुरुष, हे मला अकरा दिवसांनी तिच्या आतेबहिणीकडून कळले. त्या दोघी लहानपणापासून एकत्र खेळलेल्या. मुलीचे नाव-गाव इथे लिहीत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार पीडित बालकाची ओळख पटेल असे काहीही छापता येत नाही, आणि आपल्या प्रार्थना-विनंतीच्या पत्रकांनाही हा नियम लागू आहे हे आपण पुष्कळदा विसरतो.

तेव्हापासून दिव्यांग मूल असलेल्या घरी गेले की मी पहिला प्रश्न हाच विचारते : याची खूण घराबाहेर कोणाला कळते? बहुतेक ठिकाणी उत्तर येते, “आईला सगळं कळते.” पण मोहफुले, तेंदूपत्ता, रोवणी या दिवसांत आई घरी नसते. दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोललीच पाहिजे. मुलाला त्रास देणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो, कधी घरातलाच असतो. अशा वेळी मुलाची खूण समजणारी माणसे फक्त त्या घरातलीच असतील, तर मुलाचे म्हणणे उंबऱ्याबाहेर जाणार कसे?

कायद्याने हा प्रश्न ओळखला आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 26 प्रमाणे, मूल शारीरिक किंवा मानसिक दिव्यांग असेल तर जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची बोलण्याची पद्धत ओळखणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते. ही व्यक्ती शिकलेली असावी अशी अट नाही. 2020 च्या नियमांत पालक, घरातील माणूस किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा कोणीही, असे स्पष्ट म्हटले आहे. आतेबहीणही त्यात बसते. माडिया किंवा गोंडीच बोलणाऱ्या मुलासाठी दुभाषाही घेता येतो. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, विशेष शिक्षक आणि सहायक व्यक्ती यांची नोंदवही ठेवायची असते. आपल्यापैकी ज्यांना माडिया आणि मराठी दोन्ही येते त्यांनी तिथे आपले नाव देण्याविषयी विचारावे. सभेत अनुवाद करतो, तसेच हेही काम आहे. मात्र इथे आपल्या मनाचा एक शब्दही घालायचा नाही.

मुलाला पोलीस ठाण्यात न्यावे लागेल या भीतीने घरचे गप्प बसतात. म्हणून त्यांना हे सांगावे : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. गुन्हा झाल्याचे कळूनही न कळवणे हा स्वतःच एक गुन्हा आहे. त्यातून पाळक, शिक्षक, मिशनचे सेवक कोणीही सुटत नाही. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. 1098 वर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. गावच्या बैठकीत दंड-जेवण घेऊन मिटवणे, मग बैठक कितीही मानाची असो, मला मान्य नाही.

आता घराबाहेरची ही माणसे आणायची कुठून? मला वाटते, सरकारी सेवांकडे आपण याच नजरेने पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल झोपडीत लपवून ठेवू नका, उचलून न्या. तिथून त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते. शाळेत रोज जाऊ न शकणाऱ्या मुलासाठी समग्र शिक्षातून गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. शिक्षक महिन्यातून थोड्याच वेळा आले तरी एक बाहेरचा माणूस मुलाजवळ बसतो, त्याचे हात वाचायला शिकतो. 2016 च्या दिव्यांग कायद्याने 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, शाळा जवळची असो की विशेष.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढताना बहुतेकांचे लक्ष अनुदानाकडे असते, आणि गरिबाच्या घरी ते असणारच. पण प्रमाणपत्र निघाले की मूल कागदावर येते, कोणीतरी त्याच्याविषयी विचारू लागते. अर्जाला पैसे लागत नाहीत. दवाखान्याच्या फाटकाशी कोणी मागितले तर देऊ नका. आपल्या भागातील पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे सिकलसेल आजारही या कायद्याच्या 21 प्रकारांत आहे. सतत आजारी म्हणून घरी ठेवलेली मुले या पाठात येतात.

वरोऱ्याजवळ आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा अनेक वर्षांपासून आहेत. भामरागड-सिरोंच्याकडच्या आईला ती वाट फार दूरची वाटते, आणि मुलीला वसतिगृहात ठेवायची भीती खोटी नाही. कोणतीही निवासी शाळा असो, रात्री मुलींजवळ कोण असते, आंघोळीच्या जागेला कडी आहे का, भेटायला कधी येता येईल, हे विचारून मगच ठेवा. तरीही ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत माझे मत पाठवण्याकडेच झुकते. तिथे त्याला पूर्ण भाषा मिळते. घरी फक्त भूक, पाणी, झोप एवढ्याच खुणा असतात.

निदान पाच खुणा तरी घरीच शिकवा : नको, दुखते, कोण, कुठे, आणि शरीराचा प्रत्येक भाग, लाजेचा म्हणून वगळलेला भागही. कोळशाने भिंतीवर माणूस काढला तरी चालतो. ज्या मुलाला उचलावे, धुवावे, कपडे घालावे लागतात त्याला आधी हात दाखवून विचारा आणि त्याने मान फिरवली तर थांबा. ज्याच्या अंगाला दिवसभर कोणीही न विचारता हात लावतो, त्याने परक्याला “नको” कसे म्हणावे? मार्कच्या 7 व्या अध्यायात बहिऱ्या माणसाला येशूने आधी गर्दीतून बाजूला नेले आणि मग त्याच्या कानांना, जिभेला स्पर्श केला. तो काय करणार आहे हे त्या माणसाला डोळ्यांनी समजत होते.

आमच्या टोल्यांवर आता एक कागद केला जातो. मुलाच्या खुणा चित्राने काढायच्या, शेजारी अर्थ लिहायचा, आणि खाली घराबाहेरच्या तीन माणसांची नावे. त्यातली एक तरी बाई असावी आणि एक तरी हंगामात जंगलात न जाणारी असावी. तिघांनी कागद न पाहता मुलाशी बोलून दाखवायचे. नाही जमले तर पुन्हा बसायचे. एक प्रत घरी आणि एक अंगणवाडी सेविकेकडे, कारण ग्राम बाल संरक्षण समितीच्या कामात ती असतेच. तिसरी प्रत आशाताईकडे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते आणि फोनही लागत नाही, म्हणून कागद गावातच लागतो. खुणा बदलतात, मूल वाढते. फाल्गुनात, मोह गळायला लागण्याआधी, जुना कागद काढून मुलाला समोर बसवा आणि पहिल्या चित्रापासून विचारत जा.