चिऱ्यानंतरचे इंजेक्शन

वडिलांच्या मांडीच्या हाडात रॉड बसविल्यानंतर जखमेतून पू वाहू लागला, तेव्हा ज्या डॉक्टरसाहेबांनी माझ्या आईला "मावशी, पट्टी तुम्हीच ओली होऊ दिली असेल" असे वॉर्डात सर्वांदेखत सुनावले, त्यांच्याविषयीचा माझा संताप अद्याप शमलेला नाही आणि तो शमावा अशी इच्छाही नाही. नागपूरला दाखविण्यासाठी मागितलेली केसपेपरची नक्कल बरीच टाळाटाळ होऊन हाती आली. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत ती चाळीत असता एका पानावर नजर खिळली: चिरा, सकाळी १०.४०; सेफाझोलिन हे जंतुप्रतिबंधक इंजेक्शन, दुपारी ४.३०, तेही वॉर्डात, निराळ्या शाईत. निरपराध आईवर ठपका ठेवणाऱ्यांच्याच दप्तरात ही नोंद होती! खुलासा मागितला तर उत्तर आले, "नंतर आठवडाभर गोळ्या दिल्याच ना?"

जंतू शिरतात ते चिरा पडताच. त्या वेळी औषध रक्तामांसात आधीच मुरलेले असावे लागते, हे बोस्टनच्या जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवर सिद्ध केले. अमेरिकेत २,८४७ रुग्णांच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चिऱ्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के, तर चिऱ्यानंतर तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांपैकी ३.३ टक्के रुग्णांच्या जखमा दूषित झाल्या. प्रतिबंधाचे औषध शस्त्रक्रियेनंतर लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली बजावले आहे. जाम नदीवरच्या गोटमारीच्या दगडफेकीत फुटलेल्या डोक्याला औषध नंतरच मिळणार, हे ओघानेच आले; परंतु तारीख ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत उशिराला सबब कोणती?

म्हणून सौंसर-पांढुर्ण्याच्या माझ्या बांधवांनो, रुग्णाला आत नेण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना नम्रपणे परंतु स्पष्ट विचारा: इंजेक्शन चिऱ्याआधी तासाभरात मिळणार ना? पेनिसिलिनची अॅलर्जी असल्यास आधीच सांगा. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली तर सेफाझोलिनची मात्रा पुन्हा द्यावी लागते. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढू देऊ नका. त्या बारीक ओरखड्यांतच जंतू वाढतात. साखर आटोक्यात ठेवा, स्वच्छता पाळा, हे तर सर्वांना ठाऊकच आहे. आणि कोणी तुमच्या घरच्या बाईमाणसावर दोष ढकलू लागले, तर वाद न घालता केसपेपरच्या नकलेसाठी लेखी अर्ज द्या. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.