लहान कचेरीतील सर्व्हर आणि आवाजाचा प्रश्न

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने सर्व्हरसारख्या यंत्रावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. 'हा विषय विज्ञानशाखेच्या मंडळींवर सोपवावा' असेही कोणी म्हणेल. परंतु या यंत्रापायी एका वयोवृद्ध माणसावर नोकरी सोडण्याची पाळी आलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ते यंत्र निवडण्यात माझाच हात होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेली दोन वर्षे मी सकाळचे तास आटोपल्यावर साताऱ्यातील एका करसल्लागारांच्या कचेरीत अर्धवेळ काम करतो. कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि जिन्याखालची कागदपत्रांची कोठडी. माणसे सहा. सर्वांच्या संगणकांवर विखुरलेली अशिलांची कागदपत्रे एका ठिकाणी राहावीत म्हणून सर्व्हर घ्यावयाचे ठरले. सर्व्हर हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांनी जुन्या कचेरीतला रेकॉर्डकीपर डोळ्यांपुढे आणावा. ज्याला जो कागद हवा तो काढून द्यायचा आणि काम झाले की पुन्हा जागेवर ठेवायचा, हेच काम हा संगणक दिवसरात्र न थांबता करतो.

"तुला संगणकातलं कळतं, तूच बघ," असे साहेब म्हणाले. मी हौसेने तक्ता केला. किंमत, वेग, साठवणक्षमता, हमीचा काळ असे रकाने आखले. एका मोठ्या कंपनीने वापरून काढलेला चपटा सर्व्हर नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. मी त्याची शिफारस केली. माझ्या तक्त्यात आवाजाचा रकाना नव्हता.

यंत्र आले आणि बाहेरच्या खोलीत हेडक्लार्कांच्या पाठीमागच्या फळीवर बसले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. वय पासष्टच्या पुढे. अशिलांचे दूरध्वनी तेच घेतात. महिनाभरात काका प्रत्येकाला "जरा पुन्हा बोला" म्हणू लागले. साहेब एकदा हसत आणि एकदा न हसता म्हणाले, "काका, कान तपासून घ्या." पुढे एका दुकानदाराने दूरध्वनीवर सांगितलेली सात हजारांची रोख विक्री काकांनी साठ हजार म्हणून टिपली. विवरणपत्र पाठवण्यापूर्वीच्या पडताळणीत चूक सापडली म्हणून निभावले. त्या संध्याकाळी काका साहेबांना म्हणाले, "आता मला मोकळं करा. कानानं दगा दिला."

दोन दिवसांनी तबकडी बदलण्यासाठी मी सर्व्हर दोन तास बंद ठेवला. छताचा पंखा चालूच होता. त्या दोन तासांत काकांनी चार दूरध्वनी घेतले आणि एकदाही "पुन्हा बोला" म्हटले नाही. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. दगा कोणी दिला होता हे माझ्या ध्यानात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लहान कचेरीसाठी सर्व्हर निवडताना आवाजाचा विचार करावा काय? पुष्कळ जाणकार सांगतात की ही चैन आहे. यंत्र कामाला घ्यावयाचे, गाणे ऐकायला नव्हे. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो, आणि कचेरीतला एखादा सर्व्हर तेथवर क्वचितच पोहोचतो. हे म्हणणे खरे आहे. परंतु ती मर्यादा कान कायमचा बिघडू नये यासाठी आहे. कचेरीत कान बिघडतो की नाही एवढाच प्रश्न नसतो; बोललेले ऐकू येते की नाही, हाही असतो.

माणूस साधे बोलतो तेव्हा एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल आवाज पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बोलणे पूर्णपणे समजावयाचे तर ते भोवतालच्या आवाजापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावे लागते. वजाबाकी सोपी आहे. ज्या खोलीत माणसे बोलतात तेथे भोवतालचा आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा. मोबाइलवरील मापक काटेकोर नसतो हे मान्य करूनही सांगतो, काकांच्या खुर्चीपाशी सर्व्हर चालू असता तो ५८च्या आसपास दाखवी आणि बंद केल्यावर ४६च्या आसपास.

परंतु आवाजाची मात्रा हा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग आवाजाच्या जातीचा. चपट्या सर्व्हरची उंची पावणेदोन इंच, म्हणजे जेमतेम ४४ मिलिमीटर असते. त्यात ४० मिलिमीटरपेक्षा मोठा पंखा उभा मावत नाही. एवढ्याशा पंख्याला पुरेशी हवा ओढायची तर त्याने मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेतलेच पाहिजेत. समजा पंख्याला ७ पाती आहेत आणि तो मिनिटाला १५,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला २५० फेरे, आणि हवेला पात्याचे तडाखे सेकंदाला १,७५०. तीच त्याची शीळ. छताच्या पंख्याची ३ पाती मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरली तर तडाखे होतात सेकंदाला केवळ १५. ते ऐकूच येत नाहीत. ऐकू येते ती वाऱ्याची घरघर. म्हणून छताचा पंखा काकांच्या आड आला नाही, आणि सर्व्हर आला.

येथे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे. 'सात' आणि 'साठ' यांत स्वर तोच आहे. फरक आहे तो शेवटच्या व्यंजनाच्या क्षणभराच्या स्फोटात आणि श्वासात. व्यंजनांच्या या खुणा प्रामुख्याने वरच्या कंप्रतांमध्ये असतात. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो, म्हणजे या खुणा तारेतच अर्ध्या गळून पडतात. वय वाढते तशी माणसाची श्रवणशक्तीही वरच्या कंप्रतांपासूनच कमी होऊ लागते. उरलेल्या पट्ट्याच्या मधोमध १,७५० हर्ट्झची शीळ आणि तिच्याभोवतीची फुसफुस घाला, की 'सात'चे 'साठ' व्हायला वेळ लागत नाही. तरुण कान ही तूट अंदाजाने भरून काढतो. शब्दाचा अंदाज संदर्भावरून बांधता येतो; आकड्याला संदर्भ नसतो.

आता मानसशास्त्राची साक्ष काढतो. ग्लास आणि सिंगर या अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की गोंगाटात माणूस काम तर रेटून नेतो, पण त्यानंतर दिलेल्या कामात त्याची चिकाटी कमी पडते आणि मुद्रितशोधनात चुका वाढतात. ज्यांच्या हाताशी आवाज बंद करण्याचे बटण होते त्यांनी ते वापरले नाही, तरीही त्यांच्यावर हा परिणाम पुष्कळ कमी झाला. या प्रयोगांतला आवाज सर्व्हरपेक्षा कितीतरी मोठा होता, हे खरे. पण इव्हान्स आणि जॉन्सन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० कारकून स्त्रियांपैकी काहींना तीन तास साध्या कचेरीइतक्याच बेताच्या आवाजात बसवले होते. शांत खोलीतल्या स्त्रियांपेक्षा आपल्याला अधिक ताण आला असे त्यांना वाटले नाही. तरी त्यांच्या शरीरातील एपिनेफ्रिनचे प्रमाण वाढले होते, आणि न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. म्हणजे 'आम्हाला सवय झाली आहे' हे उत्तर प्रामाणिक असूनही अपुरे असू शकते. आमच्या कचेरीत आम्ही पाच जण हेच उत्तर देत होतो.

आवाजाचा विचार सर्वत्र सारखाच करावा, असे मात्र माझे म्हणणे नाही. डेसिबलची बेरीज साध्या बेरजेसारखी होत नाही. सारख्या आवाजाची दोन यंत्रे एकत्र आली तर ३ डेसिबल वाढतात, आणि एक यंत्र दुसऱ्यापेक्षा १० डेसिबलने शांत असेल तर वाढ अर्ध्या डेसिबलहूनही कमी. यावरून एक व्यवहारी नियम बांधता येतो. खोली शांत असते त्या वेळी तिचा आवाज मोजावा. सर्व्हर त्याहून १० डेसिबलने शांत असला तर त्याची चिंता सोडून द्यावी. भर रस्त्यावरच्या दुकानात हे सहज साधते. आमच्यासारख्या गल्लीतल्या कचेरीत साधत नाही.

माहितीपत्रक वाचतानाही एक खाचखळगा आहे. काही पत्रकांत आवाज 'बेल'मध्ये दिलेला असतो. ५.५ बेल म्हणजे ५५ डेसिबल. साडेपाच पाहून हुरळून जाऊ नये. शिवाय हा आकडा बहुधा यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीचा असतो. कानाशी पोहोचणारा दाब वेगळा, तो अंतरावर आणि खोलीवर अवलंबून असतो. आणि चाचणी होते ती साधारण २३ अंश तापमानाच्या खोलीत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोली ३५ अंशांवर जाते, पंखे आपोआप वेग वाढवतात आणि जानेवारीत गरीब वाटलेले यंत्र वैशाखात ओरडू लागते. म्हणून जुने यंत्र घ्यावयाचे तर काम चालू असताना, अर्धा तास तापल्यावर, आपल्या माणसाच्या कानाच्या अंतरावरून ऐकावे. सुरू करताच सर्व पंखे क्षणभर पूर्ण वेगाने फिरतात. तेवढ्यावरून मत बनवू नये.

उपायांत आम्ही आधी चूकच केली. सर्व्हर लाकडी कपाटात घालून दार लावले. सर्व्हर जेवढी वीज घेतो तेवढी सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. दीडशे वॉटचा सर्व्हर म्हणजे कपाटात दीडशे वॉटचा दिवा कायम पेटता ठेवण्यासारखे आहे. तासाभरात कपाट भट्टीसारखे झाले आणि पंखे दुप्पट जोराने किंचाळू लागले. सर्व्हरने ओढून घेण्याची हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी अशी शिफारस आहे. आवाज कोंडावा, पण वारा कोंडू नये, हा धडा आम्ही घेतला.

शेवटी चपटा सर्व्हर विकला आणि उभ्या पेटीचा घेतला. त्यात १२० मिलिमीटरचा पंखा आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. तेवढी हवा तो मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांत आरामात ओढतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो असा ढोबळ नियम आहे. फिरत्या तबकड्यांऐवजी मुक्या सॉलिड स्टेट तबकड्या घातल्या. आणि पेटी ठेवली जिन्याखालच्या कोठडीत, दाराला वर-खाली जाळी बसवून. संगणकांना जोडणारी तार १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते, मग सर्व्हर माणसाच्या पाठीशी कशाला हवा? हे मला आधी सुचले असते तर चपट्या यंत्राची फळी तरी बदलता आली असती. पण ते यंत्र कोठडीतूनही ऐकू आले असते, म्हणून निवड आणि जागा या दोहोंचा विचार एकत्रच करावा.

नवे यंत्र दीडपट महाग पडले. साहेबांनी हिशेब विचारला तेव्हा मी सात आणि साठ हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले. त्यांनी पुढे काही विचारले नाही. काका अजून कचेरीत आहेत. कानतज्ज्ञांकडेही जाऊन आले. वयाप्रमाणे थोडी घट आहे, एवढेच निघाले. आता आकडा ऐकला की ते स्वतःहून विचारतात, "सात म्हणजे पाचावर दोन ना?" ही सवय आम्ही सर्वांनी उचलली आहे.

हा लेख या अंकासाठी लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या ग्रंथालयाचे संगणकीकरण चालू आहे आणि सर्व्हर वाचनकक्षाच्या कोपऱ्यात ठेवण्याची चर्चा माझ्या कानावर आली आहे. न्यूयॉर्कमधील एका शाळेत आगगाडीच्या बाजूच्या वर्गांतील मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे पडलेली १९७५ साली आढळली होती. पुढे रुळांखाली रबर आणि छताला ध्वनिशोषक फरशा बसवल्यावर हा फरक उरला नाही, असे १९८१ साली नोंदले गेले. सर्व्हर ही काही आगगाडी नव्हे. पण ती मुले आळशी आहेत असेच तोवर कोणी म्हणत असेल, जसे आम्ही काकांना बहिरे ठरवले होते. संबंधित गुरुजनांना माझी नम्र विनंती एवढीच, की सर्व्हरच्या तक्त्यात किमतीशेजारी आवाजाचा एक रकाना आखावा, आणि तो भरण्यापूर्वी वाचनकक्षात पाच मिनिटे स्वस्थ बसून ऐकावे.