जातीपत्र : ओळख, लागवड व संग्रह

व्रणचिकित्सेत जात्यादि तैलाचा उपयोग आपण सर्वच वैद्य नित्य करीत असतो. शार्ङ्गधर संहितेतील या पाठात जाती, निंब, पटोल व नक्तमाल या चार वनस्पतींची पत्रे सांगितली आहेत. पैकी कडुनिंब व करंज आपल्याकडे सर्वत्र आहेत. पटोल प्रयत्नाने मिळतो. ज्या द्रव्यावरून योगाला नाव पडले, त्या जातीपत्राविषयी मात्र व्यवहारात बरीच अनास्था आढळते. म्हणून प्रस्तुत लेखात जातीची ओळख, लागवड व पत्रसंग्रह यांचा व्यावहारिक विचार केला आहे.

प्रथम स्वतःचीच चूक नमूद करतो. काही वर्षांपूर्वी मी बाजारातून वाळलेला ‘जाईचा पाला’ आणून तैलपाक केला व ते तेल एका मधुमेही रुग्णाच्या पायावरील दुष्टव्रणासाठी वापरले. व्रणशुद्धी अपेक्षेप्रमाणे होईना, म्हणून रुग्णास वेळीच शल्यतज्ज्ञांकडे पाठविले. नंतर उरलेला पाला पाण्यात भिजवून पाहिला, तेव्हा तो जुईचा निघाला. व्रण न भरण्यास तो पालाच कारण झाला, असे मी म्हणणार नाही. मधुमेहात त्याची अनेक कारणे संभवतात. परंतु आपण रुग्णास नेमके कोणते द्रव्य दिले, याचे उत्तर वैद्याजवळ नसावे, ही गोष्ट मनाला लागली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात परसात जाईच्या ६ वेली लावल्या.

ओळख

जाती म्हणजे आपली जाई अथवा चमेली. शास्त्रीय नाव जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. काही ग्रंथांत तिचा उल्लेख जॅस्मिनम ऑफिसिनेलचा एक प्रकार म्हणूनही येतो. पाने समोरासमोर व संयुक्त असतात. एका देठावर बहुधा ५ ते ११ पर्णिका असून टोकाची पर्णिका मोठी व टोकदार असते; तिच्या लगतची जोडी पुष्कळदा तिला बुडाशी चिकटलेली दिसते. फुले पांढरी, ५ पाकळ्यांची असून कळीवर बाहेरून गुलाबी छटा असते.

जुई म्हणजे यूथिका (जॅस्मिनम ऑरिक्युलेटम). हिचे पान एकेरी दिसते. मात्र त्याच्या बुडाशी पुष्कळदा कानाच्या पाळीसारख्या दोन चिमुकल्या पर्णिका असतात. मोगऱ्याचे व कुंदाचे पान साधे, एकेरीच असते. पाला घेताना चुरा घेऊ नये. देठासह अखंड पान मागावे व मूठभर पाला कोमट पाण्यात भिजवून पर्णिका मोजाव्यात.

दुसरा घोटाळा नामसाम्याचा आहे. ‘जातीपत्री’ म्हणजे जायपत्री, अर्थात जायफळाच्या बीवरील आवरण. तिचा जाईच्या पानांशी संबंध नाही. मागणीपत्रात ‘जातीपत्र’ एवढेच न लिहिता ‘जाईची पाने’ असे स्पष्ट लिहावे.

लागवड

जाईला भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन लागते. बुडाशी पाणी साचल्यास पाने पिवळी पडतात. जून-जुलैमध्ये ४५ सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात मातीबरोबर सुमारे १० किलो चांगले कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळावी. दोन वेलींत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे.

रोपासाठी दाब कलम सर्वांत सोपे. जमिनीलगतची फांदी वाकवून पेराखाली हलका छेद द्यावा व तो भाग मातीत दाबून ओलसर ठेवावा. साधारण तीन महिन्यांत मुळे धरल्यावर कलम वेगळे करावे. कलम ज्या वेलीचे घ्यावयाचे, ती फुलावर असताना स्वतः पाहून खात्री करावी. मूळ वेल चुकीची असल्यास पुढील सर्व श्रम व्यर्थ होतात.

छाटणी व पत्रसंग्रह

लेखाचा मुख्य मुद्दा येथे आहे. फुलांचा बहर पावसाळ्यापासून साधारण नोव्हेंबरपर्यंत चालतो. त्यानंतर पाणी कमी करून डिसेंबरअखेर ते जानेवारीत छाटणी करावी. झुडूप जमिनीपासून ६० ते ७५ सेंमी उंचीवर छाटावे. वाळलेल्या व रोगट फांद्या काढाव्यात. आळे करून शेणखत व पाणी द्यावे. छाटणीत निघालेला जुना, डागाळलेला पाला औषधास घेण्याचा मोह टाळावा. चरकाचार्यांनी कल्पस्थानात शाखा व पत्रे नुकतीच फुटलेली, वर्षा व वसंत ऋतूंत घ्यावीत असे सांगितले आहे. जानेवारीतील छाटणीनंतर येणारी पालवी नेमकी वसंतात हाती येते. फूलशेतकरी फुलांसाठी जी छाटणी करतो, तीच वैद्याला शास्त्रोक्त काळी पत्र देते. मात्र एका वेळी तृतीयांशाहून अधिक पाला तोडू नये. वेल अशक्त होते व पुढील बहर घटतो.

फूलशेतीतील पाला फुकट मिळाला तरी विचार करून घ्यावा. कळी पोखरणाऱ्या अळीसाठी तेथे कीटकनाशके फवारली जातात. परसातील वेलीवर ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो. लाल कोळी दिसल्यास पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

पाने धुऊन, पातळ पसरून सावलीत वाळवावीत व डब्यावर महिना-वर्ष लिहावे. मुखपाकात चर्वणासाठी अथवा क्वाथाच्या गंडूषासाठी ताजी पाने हाताशी असणे हा आणखी एक लाभ. कल्कासाठी ओली पाने घेतल्यास आर्द्र द्रव्य द्विगुण घेण्याचा परिभाषेतील नियम विसरू नये.

दवाखान्याभोवती दोन-चार वेली लावणे कोणाही वैद्यास अवघड नाही. औषधनिर्मात्या बंधूंनी परिचित शेतकऱ्याकडून केवळ पानांसाठी, फवारणीविना लागवड करून घ्यावी आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यासोबत वापरलेल्या पानाचा एक अखंड नमुना कागदावर चिकटवून जपावा. मग रुग्णाने वा तपासणीस आलेल्याने विचारल्यास ते पान दाखविता येईल.