पोटरीतला भात आणि पावसाचा खंड

जबलपूरला वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बेरजेला हा पाऊस भातासाठी कमी नाही. तरीही जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या मंडला-दिंडोरीतल्या वरकस, हलक्या जमिनींत पेरभात फसतो, कारण तिथे बांधात पाणी ठरत नाही. आठ-दहा दिवस उघडीप पडली, की मुळांजवळची ओल संपते. नुकसान किती होणार, हे खंड पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला त्यावर ठरते.

फुटवे येताना ओल तुटली, तर फुटवे कमी निघतात आणि रोप खुजे राहते. पण पाऊस परतला, की पीक बरेच सावरते. कोरड्या जमिनीत लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. ती नत्राची उणीव समजून कोरड्यात युरिया टाकू नये. नत्र कमी पडल्यास आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात.

खरा घात पोटरी ते फुलोरा या काळात होतो. निसवण्यापूर्वीच्या दहा-बारा दिवसांत परागकण तयार होतात. तेव्हा ताण बसला तर ते वांझ राहतात. लोंबीचा देठ वाढत नाही आणि लोंबी अर्धी पानाच्या आवरणातच अडकते. असे गेलेले दाणे नंतरच्या पावसाने परत येत नाहीत. दाणा भरताना ताण पडला, तर दाणा हलका राहतो.

पांढरी लोंबी दिसली, की ती हळूच उपटून पाहावी. सहज हातात आली आणि बुडाशी कुरतडलेली असली, तर ती खोडकिडीची पळींज. घट्ट राहिली, तर बहुधा ताणाचा परिणाम. ताणाने पांढऱ्या पडलेल्या लोंबीवर कीटकनाशक मारणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

ताण पानांवरून ओळखता येतो. दुपारी वळलेले पान संध्याकाळी उलगडले, तर थोडे थांबता येते. सकाळीही ते वळलेलेच असेल, तर पाणी द्यायलाच हवे. शेततळ्यात एकाच पाळीपुरते पाणी असल्यास ते पोटरीसाठी राखून ठेवावे.

वाण निवडताना फुलोऱ्याचा हिशेब मांडावा. कापणीच्या सुमारे तीस दिवस आधी फुलोरा येतो. जूनअखेर पेरलेला शंभर दिवसांचा वाण पूर्वा नक्षत्राच्या सुमारास फुलतो. १२५-१३० दिवसांचा वाण फुलेपर्यंत पाऊस परतीला लागलेला असतो. म्हणून वरकस रानात सुमारे १०५ दिवसांत येणारा, २०१० साली प्रसारित झालेला 'सहभागी धान' यासारखे ताण सोसणारे हळवे वाण घ्यावेत आणि त्यासाठी जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या शिफारशी पाहाव्यात. पहिला महिना-सव्वा महिना रान तणमुक्त ठेवावे, कारण खंडात उरलेली ओल तणच आधी ओढते. वरखताचा हप्ता पाऊस झाल्यावर, ओलीवरच द्यावा.